दवाखान्याचा काउंटर घरी आला

माझे बाबा कंपाउंडर. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात रस्त्याकडेच्या दोन खोल्यांत डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि तिथल्या सागवानी काउंटरमागे बाबा १९६८ पासून २००३ पर्यंत उभे राहिले. तो काउंटर आता माझ्या घरी आहे आणि त्याचा बार झाला आहे. मे ते डिसेंबर २०२४ असे आठ महिने गेले, ४९,९५० रुपये लागले. जुन्या सामानातून असं काही करायचं म्हणून मी माहिती शोधत होते तेव्हा तयार बारचे फोटो पुष्कळ सापडले. पण लाकूड किडलेलं असलं तर काय, पॉलिश कुठलं, परवाना कसा काढायचा, हे सलग कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात कुणी पीत नसे. लग्नानंतर मी आणि नवरा शनिवारी रात्री एखादा पेग घेऊ लागलो, आणि बाबा आमच्याकडे राहायला आल्यावर बाटल्या कपाटात साड्यांच्या मागे गेल्या. मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात काही लपवून ठेवायचं नव्हतं. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिलाही लपवाछपवी दिसतच होती.

१२ मे २०२४ ला कळलं की वाडा पाडायला काढलाय. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, दवाखाना बंदच होता, पण सामान तसंच आत होतं. १९ तारखेला मी जाऊन पाहून आले. काउंटर सव्वासहा फूट लांब, बेचाळीस इंच उंच, वरची फळी दीड इंच जाडीची, अखंड. त्यावर लाकडी पार्टिशन आणि औषध द्यायची कमानीची खिडकी. मागे भिंतीला काचेच्या दारांचं कपाट, आणि काउंटरच्याच डाव्या बाजूला एक छोटा कुलपाचा खण, त्यावर तांबड्या रंगात ‘विष’ असं लिहिलेलं. सगळ्यावर फिकट हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर.

इथे पहिली अडचण. मी समजत होते, सामान डॉक्टरांच्या मुलाचं, त्यांना विचारलं की झालं. त्यांनी फोनवर लगेच हो म्हटलं, पैसेही नको म्हणाले. पण वाडा पाडणारा ठेकेदार म्हणाला, आत जे आहे ते सगळं कामाबरोबर माझं. जुन्या वाड्यांच्या बाबतीत असंच चालतं: तुळया, खांब, दारं-खिडक्या, लोखंड विकून ठेकेदार आपले पैसे काढतो, आणि भाडेकरूचं सामान त्यात धरायचं की नाही यावर वाद होतात. मी डॉक्टरांच्या मुलाकडून एक साधं पत्र मागवलं: दवाखान्यातलं फर्निचर आमच्या मालकीचं असून ते अमुक व्यक्तीला देत आहोत, खाली सही, सोबत फोटो. ते पत्र २६ मेला हातात आलं. ठेकेदारानं ते वाचलं आणि तरीही पैसे मागितले. पंधरा हजारांवरून साडेनऊवर आलो, काउंटर आणि कपाट मिळून. भांडत बसले असते तर तोवर पहार लागली असती. पैसे दिले, पावती घेतली. कुणाला असं काही वाचवायचं असेल तर पाडकामाची कुजबुज ऐकू येताच पत्र आणि फोटो तयार ठेवा. एकदा कौलं उतरायला लागली की कुणाला थांबायला वेळ नसतो.

२ जूनला, रविवारी सकाळी सातच्या आत, टेम्पो आणि चार हमाल. पेठेतल्या त्या बोळात नंतर टेम्पो उभा करायला जागा मिळत नाही. ४,२०० रुपये झाले. बाबांना बरोबर नेलं नव्हतं. आदल्या रात्री त्यांना सांगितलं होतं की काउंटर आपल्याकडे आणतेय. त्यांचा चेहरा इतका उजळला की पुढचं बोलायला मला धीर होईना. मग त्यांनीच विचारलं, ‘‘वर काय ठेवणार?’’

‘‘बाटल्या.’’

‘‘कसल्या?’’

मी खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. पुढचा जवळजवळ दीड महिना त्यांनी काउंटरचा विषय काढला नाही, आणि मला रोज वाटत राहिलं की आपण एक चांगली आठवण त्यांच्याकडून हिसकावून घेतली.

काउंटर लिफ्टमध्ये मावणार नव्हता, आणि सोसायटीत सुतारकामाला लेखी परवानगी लागते. सेक्रेटरींना अर्ज दिला: काम कशाचं, किती दिवस, कारागीर कोण, त्यांच्या आधारच्या प्रती. पाच हजारांचं डिपॉझिट (काम संपल्यावर परत मिळालं), वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा, रविवारी बंद. कमिटीची बैठक जुलैअखेर होती. तोवर सामान पार्किंगमध्ये आमच्या जागेवर ठेवायला परवानगी मिळाली. हे एका अर्थानं बरं झालं, कारण रंग काढायचं काम मोकळ्या हवेतच करायला हवं.

जुन्या ऑइलपेंटबद्दल जरा थांबून सांगते. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या थरांत, शिसं असेल असंच धरून चालावं. म्हणजे कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही. पार्किंगमध्ये मुलं खेळतात. मी खाली जाड प्लास्टिक अंथरलं, पेंट रिमूव्हर लावून वीस मिनिटं थांबायचं, फुगलेला रंग पत्रीनं खरवडायचा, शेवटी ओला पेपर. हातमोजे, मास्क, गॉगल. खरवड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून वेगळी द्यायची. शनिवार-रविवार धरून पाच आठवडे लागले. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा, आणि निळ्याखाली साग. जुना साग घासला की चामड्यासारखा, थोडा तेलकट वास येतो. तो आल्यावर मी पार्किंगमध्येच पाच मिनिटं बसून राहिले.

मागच्या बाजूच्या फळ्या मात्र सागाच्या नव्हत्या. खोक्यांच्या देवदारी फळ्या ठोकलेल्या, आणि त्यांच्याखाली रोज सकाळी पिठासारखा भुगा पडलेला. हे ओळखायला शिकले: मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, टाचणीएवढी गोल भोकं आणि बारीक भुगा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा. माझ्याकडे किडा. देवदारी फळ्या काढून टाकल्या. सागाच्या आतल्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, पण काठाचा जो फिकट भाग असतो, त्याला लागतो. माझ्या काउंटरच्या दोन पायांवर तसा भाग होता. दुकानातून औषध आणलं, डब्यावरच्या सूचना वाचल्या, इंजेक्शनच्या सिरिंज आणल्या (सगळं मिळून ६५० रुपये), आणि एकेका भोकात औषध सोडायला बसले.

तो जुलैचा दुसरा शनिवार होता. बाबा संध्याकाळी खाली फिरायला येतात. येऊन मागे उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘सुई अशी धरतात का?’’ मी सिरिंज त्यांच्या हातात दिली. हातमोजे चढवून ऐंशी वर्षांच्या माणसानं दोन संध्याकाळी बसून सगळी भोकं भरली. थेंब बाहेर आला की कापसानं टिपायचे. मग आम्ही दोघांनी मिळून सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. पंधरा दिवस तसंच ठेवायचं, मग उघडून खाली काळा कागद अंथरायचा. नवा भुगा पडला तर पुन्हा औषध.

तेवढ्यात पाऊस. २५ जुलैला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. आमची इमारत नदीपासून लांब आहे, पण पार्किंग रस्त्यापेक्षा खाली. पहाटे वॉचमनचा फोन आला. घोट्याएवढं पाणी साचलं होतं. काउंटर विटांच्या दोन थरांवर होता म्हणून वाचला, कपाटाचा एक पाय भिजला आणि नंतर तो बदलावा लागला. जुनं लाकूड तळमजल्यावर ठेवणार असाल तर पहिल्या दिवशीच विटांवर ठेवा.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढवला. वळणावर अडकला, म्हणून वरची फळी सोडवली. सोळा पितळी स्क्रू होते, त्यांतले तीन झिजलेले. फळी उचलल्यावर ड्रॉवरच्या मागे पडलेल्या वस्तू सापडल्या: बुचं, एक दोन औंसांचा काचेचा माप-ग्लास, ‘बाटली हलवून घ्यावी’ अशी छापील लेबलं आणि डोसाच्या कागदी पट्ट्या. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे, कडेनं खाचा कापलेली. सहा खाचा, सहा डोस. बाबा पट्टीची घडी घालून कात्रीच्या दोन-तीन फटक्यांत ती कापायचे. ग्लास पाहून बाबा म्हणाले, १९९१ मध्ये हरवला होता.

याच महिन्यात परवान्याचं केलं. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि आजही लागू आहे. बीअर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, बाकीच्या दारूसाठी २५. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, विदेशी मद्यासाठी ५ रुपये. वर्षाचा १०० रुपये, कायमचा १,०००. अनेक जण हे कागद कधीच काढत नाहीत. पण मी घरात उघड्यावर बाटल्या मांडणार होते, मग कागदही उघड असावा असं वाटलं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरला: फोटो, ओळखपत्र, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. ९ ऑगस्टला भरलेला अर्ज त्रुटीसह परत आला, कारण माझ्या एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं. चूक माझीच होती. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पुन्हा पाठवला आणि नऊ दिवसांनी परवाना आला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हा दाखला आधीच जोडावा. नवऱ्यानं वर्षाचा परवाना पूर्वीच काढला होता, तो त्यानं नव्याने करून घेतला.

परवान्यावर महिन्याला बारा युनिटांची मर्यादा असते (व्हिस्कीसारख्या दारूची एक मोठी बाटली म्हणजे साधारण एक युनिट), त्यामुळे बार म्हणजे भिंतभर बाटल्या हे चित्र मी डोक्यातून काढून टाकलं. बिलं जपून ठेवते. भाऊ गोव्याहून चार बाटल्या आणतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. गोव्यात विक्रीसाठी असलेल्या बाटलीवर इथला कर भरलेला नसतो आणि ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला विमानतळावर दोन लिटरपर्यंत सूट असते, तेवढं चालतं.

सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर मिस्त्री आले. सहा दिवस, रोज १,३०० रुपये. कपाटाच्या पाठीला वॉटरप्रूफ प्लाय, भिजलेला पाय नवा, बिजागऱ्या नव्या पितळी. कपाटाच्या काचेच्या फळ्या पाच मिलिमीटरच्या होत्या, औषधाच्या छोट्या बाटल्यांना पुरत होत्या. ७५० मिलीची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. एका फळीवर दहा ठेवल्या तर बारा-तेरा किलो. म्हणून आठ मिलिमीटरच्या टफन्ड काचा घातल्या, ३,४०० रुपये. दोन फळ्यांमधलं अंतर चौदा इंच ठेवलं. बारा ठेवलं तर उंच मानेच्या बाटल्या अडतात. बेचाळीस इंच उंचीला मात्र हात लावावा लागला नाही. उभं राहून काम करणाऱ्या माणसासाठी केलेला काउंटर आणि बार यांची उंची एकच निघाली. त्याला तीस इंचांचं स्टूल लागतं. ती मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली, शाळेच्या प्रयोगशाळेतली, ७०० रुपयांना एक. बुधवारी आणि रविवारी बाजार असतो. लवकर जा आणि स्टूल खरेदी करण्यापूर्वी त्यावर बसून पाहा.

पॉलिशची घाई मी केली आणि फसले. सप्टेंबरअखेर एका ड्रॉवरला फ्रेंच पॉलिश करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर धुरकट पांढरा पडदा. फ्रेंच पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं, आणि हवेत ओल असताना ते असं पांढरं पडतं. पॉलिशवाले काका म्हणाले, दिवाळी होऊ द्या. थांबलो. ६ नोव्हेंबरला ते आले. रात्री स्पिरिटमध्ये चपडा भिजत घालायचा, सकाळी गाळायचा, मलमलच्या कापडात कापसाची पुरचुंडी बांधून त्यानं एकावर एक हात द्यायचे. ते काम बघत राहावं असं असतं. दर हाताला लाकूड थोडं अधिक खोल दिसायला लागतं. (ते स्पिरिट विषारी असतं. बारच्या कामात तर ते वेगळ्या डब्यात, नाव लिहून, बाटल्यांपासून लांब ठेवायचं.)

बाबा खुर्ची टाकून तिथेच बसायचे. वरच्या फळीचं पॉलिश सुरू होणार तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. फळीवर पुसट गोल डाग होते, घासूनही गेले नव्हते. ‘‘हे डाग कसले, माहितीय?’’

‘‘पाण्याचे?’’

‘‘टिंक्चरचे. टिंक्चर स्पिरिटात करतात. चपडाही स्पिरिटातच विरघळतो. जिथे बाटली ठिबकायची, तिथलं पॉलिश निघून यायचं. डॉक्टर दर दोन वर्षांनी पॉलिश करून घ्यायचे, शेवटी कंटाळून रंग लावला.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘तुझ्या बाटल्यांत काय असतं?’’

व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे पहिल्याच सांडलेल्या पेगाला फळीवर गोल उमटला असता. या सगळ्या आठ महिन्यांत मला मिळालेला सर्वांत कामाचा सल्ला तो होता, आणि बाबा त्या बाटल्यांबद्दल आपणहून बोलले तेही त्या दिवशी पहिल्यांदाच. खालचा भाग, पार्टिशन आणि कपाट फ्रेंच पॉलिशमध्येच ठेवलं (८,५००), फळीला मात्र पीयू, म्हणजे स्पिरिटानं न निघणारं पॉलियुरेथेनचं पॉलिश, लावायचं ठरलं (६,०००). काका मधेच मतदानाला गावी गेले, २० नोव्हेंबरचं मतदान करून २४ ला परतले. पीयूचे चार हात झाले. वास फार येतो, दोन दिवस मुलीला आणि बाबांना मावशीकडे पाठवलं. हाताला कोरडं लागलं तरी आठवडाभर त्यावर काही ठेवायचं नाही. आम्ही ८ डिसेंबरपर्यंत थांबलो.

ते मिक्श्चरचं कपाट आता असं लावलंय: उघडलेल्या बाटल्या डोळ्यांच्या उंचीवर, बुचाच्या बाटल्या उभ्या, कारण तीव्र दारू बुचाला सतत लागून राहिली तर बूच खराब होतं. वाइन आडवी, सर्वांत खालच्या खणात, खिडकीच्या उन्हापासून दूर. पुण्याच्या एप्रिलमध्ये तीही जागा गरम होते, म्हणून उन्हाळ्यात वाइन आणतच नाही. उघडलेली वाइन फ्रिजमध्ये.

राहिला तो कुलपाचा खण. पॉलिशच्या आधी त्यावरची अक्षरं मी पुसणार होते. बाबांनी नको म्हटलं. जुनं कुलूप चालत नव्हतं, नवं बसवलं, त्याच्या दोन किल्ल्या आल्या. मुलगी घरात आहे, तिच्या मैत्रिणी येतात, म्हणून तीव्र दारूच्या बाटल्या त्या खणात आणि फक्त बीअरचे ग्लास, टॉनिक, सरबतं वर, असं ठरलं होतं. बाटल्या जास्त झाल्यावर मिस्त्रींकडून मागच्या कपाटालाही त्याच किल्लीचं कुलूप करून घेतलं. १४ डिसेंबरला, शनिवारी, सगळं मांडून झालं. मी एक किल्ली माझ्या जुडग्यात घालत होते. बाबांनी हात पुढे केला.

‘‘दोन्ही दे. विषाच्या कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे असते.’’

मी दिल्या.

मग ते काउंटरच्या मागे गेले. पस्तीस वर्षं जिथे उभे राहिले तिथेच, कमानीच्या खिडकीशी. दोन औंसांचा ग्लास धुऊन पुसून प्रकाशात धरला. ‘‘औंस म्हणजे अठ्ठावीस मिली आणि वर थोडं. तुमचा पेग तीसचा. म्हणजे तुम्ही दीड मिली जास्त घेता.’’ माझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी एकेक औंस ओतला, खाली वाकून डोळा रेषेच्या पातळीला आणून. स्वतःसाठी कोकम सरबत. नंतर कात्री मागितली, कागदाची पट्टी घडी घालून कापली आणि नव्या बाटलीला चिकटवली. पंचवीस खाचा.

दर शनिवारी रात्री साडेआठला आम्ही किल्ली मागतो. ते चष्मा लावून आधी पट्टी बघतात, आणि मग उठतात.